सिहोरा परिसरातल्या शिबिरात छातीचा फोटो: यंत्राला नेमका खर्च किती?

धान घरात आले की तुमसर तालुक्यातल्या सिहोरा परिसरात आरोग्य शिबिरांचे दिवस येतात. बपेरा, चुल्हाड, हरदोली, चांदपूर, कुठेही जा, शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलेले असते. रक्तदाब होतो, साखर तपासली जाते आणि दोन आठवड्यांहून जुना खोकला असलेल्या आजोबांना चिठ्ठी मिळते, ‘तुमसरला जाऊन छातीचा फोटो काढून आणा.’ बहुतेक वेळा ती चिठ्ठी खिशातच राहते. जाण्यायेण्याचे भाडे, त्यांची एक रोजी, सोबत येणाऱ्या मुलाची आणखी एक. फोटोपेक्षा फोटोपर्यंत पोहोचणेच महाग पडते.

म्हणून फोटोच गावात न्यावा, हा विचार योग्य आहे. ७ डिसेंबर २०२४ला देशातल्या ३४७ जिल्ह्यांत क्षयरोगाची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. त्या मोहिमेत हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे गावोगावी फिरली, तेव्हापासून अनेक मंडळे आणि ट्रस्ट ‘आपणही एक घ्यावे का?’ असे विचारू लागले आहेत. माझे उत्तर आधीच सांगते: वर्षाकाठी तीस-चाळीस दिवस शिबिरे होणार असतील तरच घ्या.

हिशेब मांडून पाहू. बाजारात यंत्र, डिजिटल पॅनल, लॅपटॉप आणि स्टँड असा पूर्ण संच साधारण १२ ते ३० लाखांत पडतो. समजा १५ लाखांचा घेतला आणि तो सात वर्षे चालला. म्हणजे वर्षाला सुमारे २ लाख १४ हजार. सर्वसमावेशक देखभाल करार किमतीच्या ६ टक्के धरला तर ९० हजार. गुणवत्ता चाचणी आणि किरणोत्सर्ग मोजणारे बॅज यांना १५ हजार. ही रक्कम यंत्र कपाटात राहिले तरी जाते. त्यावर शिबिराच्या प्रत्येक दिवशी तंत्रज्ञाचे १,२०० आणि गाडीचे २,५०० रुपये, शिवाय प्रत्येक फोटो वाचून घेण्याचे ५० रुपये धरा. दिवसाला ६० फोटो काढले, तर चाळीस दिवसांच्या शिबिरांत एक फोटो २४५ रुपयांना पडतो. दहाच दिवस झाली, तर तोच ६४३ रुपयांना! एवढ्या पैशांत त्या आजोबांना गाडीत बसवून तुमसरला नेऊन आणता येईल. दहा दिवसांसाठी यंत्र भाड्याने घ्या किंवा जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडे त्यांचे यंत्र शिबिराला मिळेल का, अशी लेखी विचारणा करा.

घ्यायचेच ठरले, तर विक्रेता आधी वजन सांगेल. फुजीफिल्मचे एक्सएअर साडेतीन किलोंचे आहे, इतर काही सात-आठ किलोंची आहेत. वजन महत्त्वाचे खरे, पण निर्णय त्यावर करू नका. पैसे पॅनलमध्ये असतात. फोटो उमटतो ती १४ बाय १७ इंचांची पाटी एकटीच ४ ते १० लाखांची असते आणि शिबिरात हातातून पडते तीच. पडून फुटल्यास वॉरंटीत बसते का, हे कोटेशनवरच लिहून घ्या. पॅनल, बॅटरी आणि ट्यूब वगळून केलेल्या देखभाल कराराला ‘सर्वसमावेशक’ म्हणता येणार नाही.

पॅनलचे माहितीपत्रक आणखी एका कारणासाठी वाचा. बहुतेक पॅनल ३५ अंश तापमानापर्यंत वापरण्यासाठी बनवलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो आणि टिनाच्या छपराखाली तर विचारायलाच नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ ठेवा. लोकही तेव्हाच मोकळे असतात; रोवणीच्या दिवसांत कोणी फिरकत नाही.

दीड-तीन लाखांत मिळणारे जुन्या पद्धतीचे १०० एमएचे फिरते यंत्र स्वस्त वाटते. पण त्याला भरवशाची वीज लागते, आणि फोटो डिजिटल हवा तर पॅनल वेगळे घ्यावेच लागते. हाती धरायच्या यंत्राची ताकद कमी असते, हेही लक्षात ठेवा. छाती, मनगट, घोटा यांचे फोटो उत्तम येतात. जाड माणसाच्या कंबरेचा किंवा खुब्याचा फोटो त्यातून मागू नका.

एक्स-रे यंत्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १२वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुने कोटेशन असेल तर नवे मागा.

कागदपत्रांत घाई नको. सोनोग्राफीचा पीसीपीएनडीटी कायदा इथे लागू नाही. एक्स-रेचे नियमन मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेकडे आहे. मॉडेलला परिषदेची मान्यता हवी, आणि ‘ई-लोरा’ या संकेतस्थळावर संस्थेची नोंद करून यंत्र चालवण्याचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी दाखवावे लागतात. बंद पडलेल्या दवाखान्याचे यंत्र कोणी स्वस्तात देत असेल, तर ते ई-लोरावर कोणाच्या नावे आहे ते आधी पाहा.

छातीच्या एका फोटोतून रुग्णाला साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट मारा बसतो; निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिळतो. रुग्णाने घाबरायचे कारण नाही. काळजी घ्यायची ती दिवसाला साठ फोटो काढणाऱ्या तंत्रज्ञाची. यंत्र हातात धरता येते म्हणून धरू नका. स्टँडवर लावा, बटण दोन मीटर दूर ठेवा, शिशाचा एप्रन घाला आणि यंत्राचे तोंड मोकळ्या बांधीकडे असलेल्या भिंतीकडे करा. गर्भवती आहे का, हे प्रत्येक बाईला आडोशाला विचारा. सासूसमोर खरे उत्तर मिळेलच असे नाही.

फोटो संगणकाकडून वाचून घेता येतो. १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीत जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये त्याला मान्यता दिली. मुंबईची क्युअर डॉट एआय आणि पुण्याची डीपटेक या कंपन्या अशी प्रणाली बनवतात. मात्र चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी याच तालुक्यात आहेत. खाणीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या फुफ्फुसावरचे डाग धुळीचेही असू शकतात. क्षयरोग ओळखायला शिकवलेल्या संगणकावर ते सोपवू नका. असे फोटो वेगळे काढून रेडिओलॉजिस्टकडेच पाठवा.

आणि अंदाजपत्रकात एक ओळ हमखास राहून जाते, ती थुंकीच्या नमुन्याची. फोटोत संशय आला म्हणजे क्षयरोग ठरला असे नाही. थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, निदान झाल्यास औषधे मोफत मिळतात आणि नोव्हेंबर २०२४पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपयेही मिळतात. पण नमुन्याची डबी त्याच दिवशी केंद्रापर्यंत नेणारा माणूस लागतो. त्याचे पेट्रोल आणि रोजी यंत्राच्या कोटेशनच्या आधी लिहा.