उघडी मोटार, बंद मोटार

बैलगाडीला कमानी लावून वर ताडपत्री बांधली, की झाली छपराची गाडी. मोटारीचे कसे असते, ते पाहू या.

अमेरिकेत १९०८ ते १९२७ पर्यंत फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ मोटार निघे. तिच्यात उघडी नि बंद अशा दोन जाती होत्या.

उघडीवर कापडी टप असे. तो दुमडता येई. दारे बुटकी, बिनकाचेची. पाऊस आला, की बाजूला पडदे लावायचे.

बंद मोटारीला पक्के खांब, उंच दारे, काचा नि कायमचे छप्पर. म्हणून ती जड नि महाग.

बॉनेटचा पत्रा बहुधा सारखा; पण एकीचे दार दुसरीला बसत नाही.

आजही हौशी लोक या जुन्या गाड्या नीट करतात. दार घेताना ते आधी विचारतात, “गाडी उघडी की बंद?” न विचारता घेतले, तर पैसे पाण्यात! आधी माप पाहावे, मग दाम द्यावे.