वापरसुलभतेची पारख

म्हैसूर विद्यापीठाने १९६९ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. त्याच परंपरेतून १९९६ साली कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ उभे राहिले. त्या काळी धडे टपालाने येत, आणि पाकीट कसे उघडावे हे कोणास शिकवावे लागत नसे. आता धडा पडद्यावर येतो; तो उघडणे हीच एक विद्या होऊन बसली आहे.

२०१७ साली केंद्र सरकारने ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ हे मंच सुरू केले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेत फोनने टिपला की ‘दीक्षा’वरील साहित्य समोर येते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा माध्यमिक विद्यार्थ्यांचा भार अशा मंचांवर पडला. अनेक घरांत फोन एक आणि शिकणारी भावंडे तीन!

मंच वापरण्यास सुलभ आहे की नाही, हे कसे ठरवावे? आयएसओ ९२४१-११ या १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने तीन कसोट्या सांगितल्या: काम पूर्ण होते का, त्यास किती वेळ व श्रम लागतात, आणि वापरणारा समाधानी असतो का. मात्र हे सारे विशिष्ट व्यक्ती आणि विशिष्ट परिस्थिती यांच्या संदर्भातच पाहावयाचे असते. म्हैसूर शहरातील संगणककक्षात सोपा वाटणारा मंच हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील एखाद्या खेड्यात, लहान फोनवर, अवघड ठरू शकतो.

म्हणून परीक्षक विद्यार्थ्याच्या शेजारी बसतो. ‘नववीच्या विज्ञानातील गतीचा पाठ शोधून त्यावरील प्रश्न सोडव’, एवढेच सांगतो आणि गप्प राहतो. बोट दाखवावयाचे नाही. हे मौन पाळणेच कठीण. विद्यार्थी कोठे अडला, कोठून मागे फिरला, याची नोंद होते.

त्यानंतर प्रश्नावली येते. जॉन ब्रुक यांनी १९८६ साली तयार केलेल्या प्रश्नावलीत दहा विधाने असून गुणांकन ० ते १०० असे असते. सरासरी सुमारे ६८ धरतात. हे शेकडा गुण नव्हेत. काम अर्धवट राहिलेला विद्यार्थीही संकोचाने भरघोस गुण देतो आणि ‘मलाच जमले नाही’ म्हणतो. अशा वेळी परीक्षकाने गुणांपेक्षा आपल्या नोंदवहीवर अधिक विश्वास ठेवावा.