लघवीच्या नमुन्यातून मूत्राशयाचा कर्करोग कळतो का?

प्रश्न : माझे वडील डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात बरीच वर्षं होते. आता निवृत्त आहेत. मागच्या महिन्यात त्यांना एकदा लालभडक लघवी झाली. दुखलं-खुपलं काही नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळं स्वच्छ. डॉक्टरांनी दुर्बिणीने मूत्राशय तपासायला सांगितलं आहे, पण बाबा तयार नाहीत. माझ्या वाचनात आलं, की लघवीतल्या जनुकांच्या चाचणीतून मूत्राशयाचा कर्करोग ओळखता येतो. लघवीत जनुकं येतात कुठून? आणि ही चाचणी केली तर दुर्बीण टळेल का?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात वेळ घालवून चालणार नाही. तुमच्या बाबांची दुर्बीण टळणार नाही आणि ती टाळूही नका. साठीच्या माणसाच्या लघवीतून डोळ्यांना दिसेल इतकं रक्त जातं, तेही काही न दुखता, तेव्हा कर्करोग नाही ना याची खात्री करून घ्यावीच लागते. रक्त पुन्हा दिसलं नाही म्हणून निर्धास्त होण्यात मोठा धोका आहे. मूत्राशयातली गाठ अधूनमधून रक्त सोडते आणि मधले कित्येक आठवडे लघवी अगदी नितळ असते. मुतखडा, जंतुसंसर्ग, प्रोस्टेटची वाढ, मूत्रमार्गाचा क्षयरोग यांनीही रक्त जातं. बीट खाल्ल्याने किंवा क्षयरोगाच्या रिफाम्पिसिन गोळीने तर रक्ताशिवायच रंग बदलतो. पण यातलं नेमकं काय आहे, हे घरी बसून ठरवता येत नाही.

आता तुमच्या कुतूहलाचा प्रश्न. डोळ्यातली पेशी घ्या किंवा मूत्राशयातली, दोन्हींत जनुकं तीच असतात, सुमारे वीस हजार. फरक असतो तो कोणती जनुकं कामाला लागली आहेत यात. जनुक कामाला लागलं की त्याच्या नकला तयार होतात. त्यांना मेसेंजर आरएनए म्हणतात. कोणत्या जनुकाच्या किती नकला आहेत हे मोजलं, की पेशीत काय चाललं आहे ते कळतं. यालाच जनुकांची अभिव्यक्ती मोजणं म्हणतात. मूत्राशयाच्या अस्तराच्या पेशी थोड्याथोड्या झडून लघवीत येत असतात. गाठ असेल तर तिच्याही पेशी येतात, आणि त्यांच्यासोबत हा आरएनए.

आरएनए नाजूक असतो, लवकर तुटतो. म्हणून लघवी घेतल्यावर लगेच ती टिकवणाऱ्या द्रावणाच्या नळीत भरतात. पुढची तपासणी आरटी-पीसीआरने होते. कोविडच्या दिवसांत नाकातल्या नमुन्यावर झालेली तपासणी ती हीच. तेव्हा विषाणूचा आरएनए आहे की नाही हे पाहायचं होतं. इथे आपल्याच पेशींच्या कोणत्या जनुकाचा आरएनए किती आहे, हे मोजायचं असतं.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात तयार झालेली सीएक्सब्लॅडर ही चाचणी पाच जनुकं मोजते. त्यातली चार गाठीत जास्त सक्रिय असतात. सीडीके१ पेशींच्या विभाजनाशी निगडित आहे. एचओएक्सए१३ गर्भावस्थेत अवयव घडवताना काम करतं आणि गाठीत ते पुन्हा जागं झालेलं दिसतं. एमडीके आणि आयजीएफबीपी५ ही वाढीच्या संदेशांशी जोडलेली आहेत. पाचवं सीएक्ससीआर२ मात्र कर्करोगाचं जनुकच नव्हे. ते पांढऱ्या पेशींत भरपूर असतं, म्हणून संसर्ग किंवा दाह असेल तर त्याचा आकडा वाढतो. पहिल्या चारांची वाढ पाहून उगाच घाबरवलं जाऊ नये, यासाठी हा पाचवा आकडा हिशेबात घेतला आहे. या चाचणीत मला सर्वात मोलाचा वाटतो तो हाच विचार. नुसतं ‘काहीतरी बिघडलंय’ एवढं सांगून भागत नाही, काय बिघडलंय तेही सांगावं लागतं.

दुसरी चाचणी ज्या यंत्रावर चालते, ते आपल्या ओळखीचं आहे. क्षयरोगासाठी थुंकी तपासायला सरकारी यंत्रणा जे सीबीनॅट वापरते, त्याच जातीच्या यंत्रात मूत्राशयाच्या कर्करोगाचं वेगळं कार्ट्रिज बसवतात. त्यातही पाच जनुकं मोजली जातात. त्यातलं एबीएल१ फक्त नमुन्यात पुरेशा पेशी आल्या आहेत का, हे पाहण्यासाठी असतं. पण म्हणून जवळच्या क्षयरोग केंद्रात जाऊन ही चाचणी मागू नका. तिथली कार्ट्रिजं क्षयरोगाची असतात.

इतकं सगळं होत असताना दुर्बीण का टळत नाही, ते आकड्यांनी पाहू. समजा, लघवीच्या तपासणीत सूक्ष्म रक्त आढळलेली १,००० माणसं आहेत आणि त्यांतल्या ३० जणांना खरोखर कर्करोग आहे. चाचणी शंभर रुग्णांतले ९० पकडते आणि शंभर निरोगी माणसांत २० जणांना चुकून ‘आहे’ म्हणते, असं धरू. मग ३० पैकी २७ जण सापडतील, तिघे निसटतील. उरलेल्या ९७० निरोगी माणसांपैकी १९४ जणांवरही संशय येईल. म्हणजे ‘आहे’ असा शेरा २२१ जणांना मिळेल आणि त्यांत खरे रुग्ण फक्त २७ असतील, आठात एक. त्या सगळ्यांनाच दुर्बीण करावी लागेल. याउलट ‘नाही’ म्हटलेल्या ७७९ जणांत फक्त तिघांना रोग असेल. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, पण अशा चाचण्यांचा स्वभाव त्यातून नेमका दिसतो : त्यांच्या ‘नाही’ला वजन आहे, त्यांचा ‘हो’ दुर्बिणीशिवाय पक्का होत नाही. शिवाय सावकाश वाढणाऱ्या, सौम्य दर्जाच्या गाठी त्यांच्या हातून जास्त निसटतात.

म्हणून त्यांची खरी जागा कोणती? एक, ज्यांच्या लघवीत फक्त सूक्ष्मदर्शकाखाली रक्त दिसलं आहे आणि धोका मध्यम आहे, अशांपैकी दुर्बीण कोणाला हवी हे ठरवताना. अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत अशा मध्यम धोक्याच्या रुग्णांसाठी लघवीतल्या खुणांना वाव दिला आहे. दोन, गाठ काढल्यानंतरच्या पाळतीत. हा कर्करोग पुनःपुन्हा उगवणारा आहे. सुरुवातीला तर अनेकांना दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून पाहावं लागतं. तिथे एखाद्या विश्वासार्ह चाचणीने काही फेऱ्या वाचल्या, तर रुग्णाला मोठाच दिलासा. तुमच्या बाबांना डोळ्यांना दिसेल असं रक्त गेलं आहे, त्यामुळे ते या मध्यम गटात बसत नाहीत.

त्यात त्यांनी रंगाच्या कारखान्यात काम केलं आहे, हे फार महत्त्वाचं आहे. या रोगाचा आणि रंगांचा संबंध जुना. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचं मांडलं. पुढे बेंझिडिन आणि २-नॅफ्थिलअमाइन ही रसायनं मुख्य दोषी ठरली. श्वासातून किंवा त्वचेतून ती अंगात जातात, यकृतात त्यांचं रूप बदलतं आणि लघवीसोबत ती तासन् तास मूत्राशयात थांबून राहतात. घाव बसतो तो तिथल्या अस्तरावर. बेंझिडिनवर आधारलेल्या रंगांसह अशा अनेक ॲझो रंगांवर भारतात १९९० च्या दशकात बंदी आली. पण संपर्क आणि रोग यांत वीस-तीस वर्षांचं अंतर पडू शकतं, त्यामुळे त्याआधीची नोकरीही हिशेबात धरावी लागते.

२०२० च्या फेब्रुवारीत डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता. त्या रस्त्यावरून चालल्याने कर्करोग होतो, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. पुरावा आहे तो वर्षानुवर्षं या रसायनांत हात घालून काम केलेल्यांबाबत. आणि तंबाखूचा धूर या रोगाचं आजचं सर्वात मोठं कारण आहे, हेही लक्षात असू द्या.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना बाबांनी कोणत्या खात्यात, कोणत्या सालापासून, कोणत्या पावडरी हाताळल्या, हे कागदावर लिहून न्या. विडी-सिगारेटची सवय असेल तर तीही लपवू नका. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी होईल, पण सोनोग्राफी स्वच्छ आली तरी दुर्बीण सोडू नका, कारण लहान किंवा पसरट गाठ तीत दिसत नाही. खाजगी खर्च झेपणारा नसेल तर मध्य रेल्वेने सहज गाठता येणाऱ्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि परळच्या केईएममध्ये मूत्रविकार विभाग आहेत. घरातल्या बायकांनाही हाच नियम लागू आहे. त्यांच्या लघवीतून रक्त जाणं ‘संसर्ग असेल’ म्हणून औषधांवर महिनोन् महिने ढकललं जातं आणि निदानाला उशीर होतो.

बाबांना दुर्बिणीची भीती वाटते, हे स्वाभाविक आहे. त्यांना सांगा, लवचीक दुर्बीण असेल तर बधिर करणारी जेली लावून तपासणी काही मिनिटांत उरकते. हेही सांगा, की हा रोग सापडतो तेव्हा चारांतल्या तीन जणांत तो मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेला नसतो आणि अशी गाठ पोट न उघडता, दुर्बिणीच्याच वाटेने काढता येते. जनुकांच्या चाचण्या पुढे आणखी अचूक होतील, स्वस्तही होतील. त्यांची वाट पाहण्यात बाबांचे महिने घालवू नका. याच आठवड्यात तपासणीची तारीख घ्या.