प्रवाळाची बैठक

न्यू जर्सी

चि. सलील,


फोटो पाहिला. समुद्री मत्स्यालयाचा टँक मोडणाऱ्या माणसाकडून फुटबॉलएवढा अ‍ॅक्रोपोरा प्रवाळ मिळाला, नशीबवान आहेस. बोटभर तुकड्यापासून एवढी कॉलनी व्हायला वर्षं जातात. पण ‘रविवारी सुपरग्लूने चिकटवून टाकतो’ हे वाचलं आणि हातातला चहा निवला. रविवारी चिकटवू नकोस. नुसती बसवून बघ.

तुझे आजोबा परड्यात गडगा घालायचे तेव्हा दगड हातात द्यायला मी असायचे. चुना नाही, सिमेंट नाही. एकेक दगड फिरवून फिरवून ठेवायचे, वर तळवा दाबून हलवून बघायचे. डुगडुगला की काढला. कधी खाली एखादी कपची सारायची, की तोच दगड मुकाट बसायचा. इतक्या पावसाळ्यांत त्या गडग्याचा एक दगड ढळला नाही. तुझ्या टँकमध्ये तेच करायचंय.

आधी खालचा खडक बघ. तो वाळूवर नको, थेट तळाच्या काचेवर टेकलेला हवा. गोबी आणि कोळंबी वाळू उकरतात, मग खडकच कलतो. त्यावर कॉलनी ठेव, फिरव, निदान तीन ठिकाणी टेकेल अशी जागा शोध. मग हात काढ आणि पंप पूर्ण जोरात लाव. डिंकाशिवाय उभी राहिली तर जागा सापडली. नाहीतर छिन्नीने खडकात खळगा कर. हातमोजे आणि गॉगल घालूनच. कॉलनीच्या जुन्या बुडख्यावर बटणांसारखे झोअँथिड जीव असतील तर त्यांना खरवडू नकोस, उकळत्या पाण्यात तर मुळीच घालू नकोस. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन जिवावर बेतू शकतं.

2011 मध्ये मी अख्खी ट्यूब ओतून एक कॉलनी चिकटवली होती. रात्री टर्बो गोगलगाय तिच्या बुडाशी रेटत गेली असावी. सकाळी कॉलनी शेजारच्या युफिलिया प्रवाळावर आडवी, आणि जिथे दंश बसला ती बाजू पांढरीफटक. ग्लू तसाच खडकावर होता, पापडासारखा.

तो पापडच होतो. सुपरग्लूचं जेल पाण्याला लागताच वरून साय धरतं आणि कडक, ठिसूळ होतं. लहान तुकड्याला पुरतं, दोन-तीन किलोच्या ओझ्याला नाही. म्हणून मधे इपॉक्सी पुटीचा गोळा आणि त्याच्या दोन्ही अंगांना जेल. नुसती पुटी बुळबुळीत खडकाला धरत नाही, तेव्हा जागा टूथब्रशने घासून घे. पुटी म्हणजे आपल्या गडग्यातली कपची समज, पोकळी भरायला. तिच्यावर भार टाकायचा नाही. उतारावरच बसवायची असेल तर दोन्हींत भोक पाडून अ‍ॅक्रिलिकचा रॉड घाल. लोखंडी खिळा गंजतो, पितळेतलं तांबं कोळंब्यांना मारतं. नायलॉनचा झिप टाय काही आठवडे राहिला तरी चालेल. पुढे प्रवाळच खडकावर पसरून आपली पकड घेतो.

पुटी लावलीस की पाणी साफ करणारा स्किमर काही तास बंद ठेव. नाहीतर फेस उतू जातो. आमच्या तळघरातला गालिचा त्यातच गेला, तुझे काका अजून ऐकवतात.

उचलताना फांदीला धरू नकोस, दोन्ही हात बुडाखाली. पाण्यात वजन साधारण एक तृतीयांशाने कमी लागतं, त्यामुळे आत हलकी वाटलेली कॉलनी बाहेर काढताच हाताला झटका देते. तेव्हाच फांद्या मोडतात. हवेत दोन-चार मिनिटं राहिली तर घाबरू नकोस. ओहोटीला उथळ पाण्यातले अ‍ॅक्रोपोरा उघडे पडतातच.

आणखी एक. ती दुसऱ्याच्या दिव्याखाली वाढलीय. तुझा दिवा नवा आणि प्रखर आहे. पहिले दोन आठवडे तिला खाली, मंद उजेडात नुसती ठेव आणि रंग बघत राहा. मग हळूहळू वर ने. तोवर चिकटवायची घाई कशाला?

आईला नमस्कार सांग.

तुझी आत्या

ता. क. डिसेंबरात मालवणला जाशील तेव्हा किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा ‘टँकमध्ये आधाराला’ म्हणून खिशात घालू नकोस. भारतात दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला.