आचार्य, आचारी आणि जुन्या कसोट्या

पुढील दोन वाक्ये मोठ्याने वाचा.

समारंभ संपल्यावर आम्ही आचार्यांना नमस्कार केला.
समारंभ संपल्यावर आम्ही आचाऱ्यांना नमस्कार केला.

पहिल्या वाक्यातील नमस्कार गुरुजींना पोचतो, दुसऱ्यातील स्वयंपाक करणाऱ्यांना. दोन्ही शब्दांत अर्धा र आहे आणि त्यापुढे य आहे. तरीही लिहिण्यात फरक पडतो. 'आचार्य' म्हणताना र च्या आधीच्या अक्षरावर जोर येतो, म्हणून तेथे रफार देतात. 'आचारी'पासून झालेल्या 'आचाऱ्यांना' या रूपात तसा जोर येत नाही, म्हणून तेथे र ची आडवी वळणदार खूण य ला जोडतात. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हेही तसेच. आपल्या परभणी जिल्ह्यात तर 'शेतकऱ्यांना' आणि 'गोदावरीच्या खोऱ्यात' या शब्दांवाचून एक दिवसही जात नाही.

हा फरक संगणकाला कसा कळतो? आणि आज कळला तरी पुढच्या वर्षी आज्ञावलीची नवी आवृत्ती आल्यावर तो टिकून राहील, याची हमी कोण देतो? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'जुन्या कसोट्या' असे आहे. त्यांची ओळख आज करून घेऊ.

साखळीतील दुवे

संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक संकेतात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. षोडशमान पद्धतीत र चा क्रमांक ०९३० व ऱ चा ०९३१ आहे. कळ दाबली की क्रमांक उमटतो, हा पहिला दुवा. क्रमांक साठवले जातात, हा दुसरा. त्यानंतर एक आज्ञावली ते क्रमांक वाचून कोणते अक्षर कोठे बसवायचे ते ठरवते. रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवणे हे तिचेच काम. हा तिसरा दुवा. प्रत्यक्ष आकृती टंक, म्हणजे फॉन्ट, पुरवतो. हा चौथा. शेवटी पडदा किंवा छपाईयंत्र.

तिसऱ्या दुव्याचे काम करणारी एक प्रसिद्ध आज्ञावली म्हणजे हार्फबझ. मूळचे इराणचे बेहदाद इस्फहबोद हे तिचे प्रमुख कर्ते. नावातील 'हार्फ' म्हणजे आपल्याही परिचयाचा 'हरफ', अर्थात अक्षर. ही आज्ञावली मुक्त आहे. तिचा मजकूर कोणीही वाचू शकतो, सुधारू शकतो. फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड फोन या सर्वांत ती वापरली जाते.

आता कल्पना करा की प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे तपासला आणि तो निर्दोष निघाला. मग 'शेतकऱ्यांना' हा शब्द बरोबर उमटेलच का? नाही. आज्ञावलीने टंकाकडे अर्ध्या र ची आकृती मागितली आणि टंककाराने ती काढलेलीच नसली, तर शब्द बिघडेल. विहिरीवरचा पंप चांगला, नळ चांगला, तोटीही चांगली. पण सांधा गळत असेल तर पाणी वाफ्यात पोचत नाही. म्हणून दुवे जोडून तपासावे लागतात. अशा तपासणीला एकत्रित कसोटी म्हणू.

हार्फबझची अशी एक कसोटी म्हणजे एक ओळ असते. तिच्यात चार गोष्टी लिहिलेल्या असतात: टंक कोणता, अटी कोणत्या, क्रमांक कोणते दिले आणि उत्तरादाखल कोणत्या आकृत्या कोणत्या जागी यायला हव्यात. आज्ञावलीत कोणी बदल केला की या सर्व ओळी यंत्राकडून पुन्हा तपासून घेतात. उत्तर जुळले नाही तर धोक्याची घंटा वाजते.

जुनी कसोटी का जपायची?

येथे एक मौजेची गोष्ट आहे. १९९६ साली युनिकोडची २.० आवृत्ती आली. तिच्यात ही आडवी खूण मिळवण्यासाठी साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असा क्रम दिला होता. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या 'इस्की' संकेतात मात्र ती ऱ आणि हलन्त यांनी मिळत असे. युनिकोडने पुढे हा भारतीय मार्ग मुख्य म्हणून स्वीकारला. पण आधीचा मार्ग बंद केला नाही. जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून तोही चालेल, असा नियम आजही त्या मानकात आहे.

आता एखाद्या नव्या कार्यकर्त्याचा विचार करा. आज्ञावलीत त्याला हा जुना नियम दिसतो. मुख्य मार्ग असताना ही अडगळ कशाला, असे वाटून तो नियम काढून टाकतो. त्याने स्वतः लिहिलेल्या सगळ्या नव्या कसोट्या पार पडतात! पण त्या अदृश्य चिन्हाने लिहिलेला जो मजकूर वर्षानुवर्षे साठला आहे, त्यातील प्रत्येक 'शेतकऱ्या'चा अर्धा र त्याच क्षणी बिघडेल. तो मजकूर लिहिणारे लोक तक्रार करायला तेथे हजर नसतात. त्यांच्या वतीने जुनी कसोटीच बोलते.

या दोन मार्गांमुळे आणखी एक अडचण येते. दोन्ही शब्द डोळ्यांना सारखे दिसतात, पण त्यांचे क्रमांक वेगळे असतात. शोध घेणाऱ्या आज्ञावलीने दोन्ही रूपे एकच मानण्याची सोय केलेली नसेल, तर यादीत असलेला शब्द 'सापडत नाही' असे उत्तर येते. म्हणून शब्द दिसतो का आणि शोधल्यास सापडतो का, या दोन कसोट्या वेगळ्या ठेवाव्या लागतात.

कसोटी नापास झाली तर

नवी आवृत्ती आली आणि जुनी कसोटी नापास झाली, तर घाईने ती पुसू नये. अपेक्षित उत्तरही बदलू नये. आधी तीन प्रश्न विचारावेत. नव्या आवृत्तीत चूक झाली आहे काय? असल्यास आज्ञावली दुरुस्त करावी. कसोटीच फाजील काटेकोर आहे काय? टंककाराने खुणेचे वळण किंचित बदलले, एवढ्यानेच ती नापास होत असेल, तर कसोटी सुधारावी. की नियमच विचारपूर्वक बदलला आहे? तसे असेल तर उत्तर बदलावे. मात्र केव्हा व का बदलले, ते तेथेच लिहून ठेवावे.

यासाठी चार पथ्ये पाळावी लागतात. पहिले, प्रत्येक कसोटीशेजारी ती का लिहिली ते नमूद असावे. दुसरे, जे तपासायचे तेवढेच बदलावे, बाकी सारे स्थिर ठेवावे. प्रयोगशाळेत तापमानाचा परिणाम पाहताना आपण दाब स्थिर ठेवतो, तसेच हे. म्हणूनच हार्फबझ कसोटीचा टंक कसोटीसोबतच जपून ठेवते. तिसरे, एकाच वेळी अनेक आवृत्त्या वापरात असतात, म्हणून कोणती कसोटी कोणत्या आवृत्तीपासून लागू आहे ते लिहावे. नव्या आवृत्तीतील दुरुस्ती जुन्या आवृत्तीत नेली, तर तिची कसोटीही सोबत न्यावी. चौथे, कधी पास तर कधी नापास होणाऱ्या लहरी कसोट्या वेगळ्या काढून त्यांचे कारण शोधावे.

कामाचा पसारा किती होतो पाहा. समजा, ४ आवृत्त्या, ५ टंक, ३ प्रकारचे संगणक आणि २०० शब्द आहेत. ४ × ५ × ३ × २०० म्हणजे १२,००० तपासण्या झाल्या! म्हणून निवडक कसोट्या प्रत्येक बदलानंतर आणि सगळ्या कसोट्या नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्यापूर्वी, अशी वाटणी करतात.

किलोग्रॅमचे उदाहरण

हीच शिस्त भौतिकशास्त्रातही दिसते. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या बदलली. पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या वजनाऐवजी ती प्लांकच्या स्थिरांकावर बेतली गेली. म्हणजे ही मापनाची नवी आवृत्तीच झाली! पण स्थिरांकाचे मूल्य असे ठरवले, की त्या वेळच्या मापनाच्या अचूकतेत जुना किलोग्रॅम किलोग्रॅमच ठरावा. त्यामुळे मोंढ्यातील एकाही काट्याला दुरुस्ती करावी लागली नाही. व्याख्या नवी झाली, पण जुनी कसोटी पार पडली.

करून पाहा

शाळेच्या संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक निवडा. प्रथम र, हलन्त, य असे टंकित करा. मग ऱ, हलन्त, य असे करा. काय फरक दिसला? हेच दोन-तीन वेगवेगळ्या टंकांत करून पाहा.

त्यानंतर वहीत तीन रकाने आखा: काय दिले, काय यायला हवे, आणि का. 'वाऱ्यावर', 'सूर्याला', 'दुसऱ्या', 'कार्याचा' असे वीस शब्द भरा. दर नव्या आवृत्तीनंतर ती यादी पुन्हा तपासा.

हे काम क्षुल्लक समजू नका. या आज्ञावल्या रचणारे बहुतेक तज्ज्ञ मराठी जाणत नाहीत. देवनागरी हिंदी शब्दांनी तपासली, तर या आडव्या खुणेशी गाठच पडत नाही. आचार्य आणि आचारी यांतला भेद सांगू शकणारे ते तुम्ही आहात. मुक्त आज्ञावलीत चूक कळवण्याची आणि कसोटी सुचवण्याची मुभा सर्वांना असते. तुम्ही सुचवलेली एक ओळ त्या संचात गेली, तर पुढच्या प्रत्येक आवृत्तीला 'शेतकऱ्यांना' हा शब्द नीट लिहून दाखवावा लागेल.