घरचा नवा पीसी आणि लिनक्स : काय बघून घ्यायचं?

सुट्टी जवळ आली की होस्टेलवर हमखास निघणारा विषय म्हणजे ‘घरी पीसी घ्यायचाय, कोणता घेऊ?’ मग प्रोसेसरवर तासभर वाद रंगतो. पण ज्याला घरी लिनक्स चालवायचं आहे, त्याने प्रोसेसरची काळजी सगळ्यांत शेवटी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आजकालचा कुठलाही साधा प्रोसेसर लिनक्स आरामात चालवतो. घोडं अडतं ते वायफाय, ग्राफिक्स कार्ड आणि प्रिंटरपाशी.

इथे विष्णुपुरीत काही अडलं तर शेजारच्या खोलीत कुणीतरी जाणकार सापडतो. लातूरला घरी कोण सापडणार? माझी धाकटी बहीण तिथे नीटची तयारी करते. तिची लेक्चर्स, टेस्ट सगळं पीसीवरच. मी नांदेडला असताना वायफाय बंद पडलं, तर तिने अभ्यास सोडून कमांड मारत बसायचं का? म्हणून घरच्या पीसीसाठी मी एकच नियम पाळतो : ज्या वस्तूचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, तीच वस्तू घ्यायची.

कारण सोपं आहे. कर्नलमधला ड्रायव्हर कर्नलबरोबरच अपडेट होतो. बाहेरून आणून कंपाइल केलेला ड्रायव्हर आज चालतो आणि पुढच्या कर्नल अपडेटनंतर रुसून बसू शकतो. खोक्यावर ‘लिनक्स सपोर्ट’ छापलेलं असलं, तरी तो सपोर्ट या दुसऱ्या प्रकारचा असू शकतो. आता एकेक भाग बघू.

१) ग्राफिक्स : अभ्यास, कोडिंग आणि व्हिडिओसाठी प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं. इंटेल घेताना नावाच्या शेवटी ‘एफ’ नसावा. एफवाल्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीमध्ये रायझन ५ ५६००जी सारखा ‘जी’वाला बघा. एएमडीचा ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्ये आहे. रॅम एकाच पट्टीत १६ जीबी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या, कारण हे ग्राफिक्स त्याच रॅमवर चालतं. प्रोजेक्टला कुडा लागणार असेल तर मात्र एनव्हिडियाला पर्याय नाही. त्याचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, हे धरून चला.

२) वायफाय : सगळ्यांत जास्त डोकेदुखी इथेच. यूएसबी डोंगलचं एकच मॉडेल असतं, पण व्हर्जन बदललं की आतली चिप बदलते. म्हणून कंपनी नाही, चिप विचारा. इंटेलचं एएक्स२१० कार्ड कर्नल ५.१० पासून, तर मीडियाटेकची एमटी७९२१ ही चिप ५.१२ पासून चालते. राऊटर जवळ असेल तर साधी लॅन केबल सगळ्यांत भरवशाची.

३) फार नवं नको : कालपरवा बाजारात आलेला मदरबोर्ड आणि जुना कर्नल यांचं जमत नाही. उबुंटू २४.०४ मूळ ६.८ कर्नलसह आलं, तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे. वर्षभर जुनं हार्डवेअर घेतलं तर ते ओळखलं जाण्याची शक्यता वाढते, आणि बऱ्याचदा स्वस्तही पडतं.

४) वीज आणि ऊन : आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. कॅबिनेटला पुढून हवा येऊ द्या, जाळी काढून धूळ पुसता आली पाहिजे. एसएमपीएस चांगल्या कंपनीचा घ्या. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीला ६०० व्हीएचा यूपीएस फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरता पुरतो. यूएसबी केबलवाला यूपीएस मिळाला तर ‘नट’ नावाच्या सॉफ्टवेअरने पीसी आपोआप नीट बंद होतो. मात्र ते मॉडेल ‘नट’ला चालतं ना, हे आधी बघा.

५) पैसे देण्याआधी : गंजगोलाईत किंवा वजिराबादेत साडी घेताना आई चार घड्या उलगडून बघते, मग पीसी डोळे मिटून का घ्यायचा? पेनड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स न्या आणि दुकानातच पीसी त्यावरून सुरू करा. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून वायफाय जोडा. आवाज, माईक, कॅमेरा तपासा. स्लीपमध्ये टाकून परत जागं होतं का ते बघा. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -के’ दिलं की कोणत्या भागाला कोणता ड्रायव्हर लागलाय ते दिसतं. यूएसबीच्या वस्तूंसाठी ‘एलएसयूएसबी’. बिलावर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट. मेकॅनिकल-सिव्हिलच्या मित्रांनो, ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स लिनक्सवर थेट चालत नाहीत. त्यांना ड्युअल बूटसाठी मोठी एसएसडी घ्यावी लागेल. सायलॅब, पायथन, सी शिकणाऱ्यांना मात्र काहीच अडचण नाही.

घरचे पैसे एकदाच खर्च होतात, आणि ते सोयाबीनच्या पट्टीचे असोत की पगाराचे, कष्टाचेच असतात. दुकानदार दहा मिनिटं पेनड्राइव्ह लावू देत नसेल, तर सरळ दुसरं दुकान गाठा. लाइव्ह पेनड्राइव्ह कसा बनवायचा हे कुणाला शिकायचं असेल, तर रात्रीच्या मेसनंतर खुशाल माझ्या खोलीवर या!