चित्रफितींची काटकसर

हार्ड डिस्क भरत आली की मनुष्याची दृष्टी प्रथम चित्रफितींवर जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण अवघ्या दफ्तराचे कागद मिळून जितकी जागा अडवत नाहीत, तितकी एखाद्या समारंभाची एकटी चित्रफीत अडवून बसते. हँडब्रेकसारखी फुकट मिळणारी आज्ञावली उघडावी, बिटरेटचा आकडा खाली आणावा, आणि रात्रभर यंत्र चालू ठेवून सकाळी निम्म्याहून लहान झालेली फाइल पाहून समाधान मानावे, इतके हे काम आज सुलभ झाले आहे. मात्र या हुकुमावर अपील चालत नाही. मूळ फाइल एकदा बरखास्त झाली की लहान प्रतीतून गळालेला तपशील पुन्हा मिळत नाही. म्हणून माझ्या डोळ्यांदेखत घडलेली एक हकिकत, तिच्यातून सिद्ध झालेल्या शिरस्त्यासह, येथे नमूद करून ठेवतो.

आमच्या शहरातील एका लहानशा मंडळाने, शहराला छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळण्याच्या बऱ्याच आधीपासून, एक मोलाचा संग्रह जमविला होता. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली त्या काळाच्या आठवणी सांगणारे वयोवृद्ध, हिमरूच्या मागावर बसलेले विणकर, पाणचक्कीच्या हौदात वरून कोसळणारे पाणी, बीबीच्या मकबऱ्यातील संगमरवरी जाळ्या, असे नानाविध विषय त्यात होते. चित्रण एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमेऱ्याचे, म्हणजे एच.२६४ या कोडेकने मुळातच आवळलेले. सेकंदाला १७ मेगाबिट या दराने तासाला साडेसात जीबींहून किंचित अधिक. डिस्क अपुरी पडू लागली तेव्हा ज्या व्यावसायिकाकडे हे काम सोपविले होते, त्याने सगळ्या फायली सरसकट २ मेगाबिटवर आणल्या आणि तपासणीची वाट न पाहता मूळ फायली पुसून टाकल्या. "काका, बघा ना, फरक ओळखूसुद्धा येत नाही," असे त्याच्या हाताखालच्या मुलाने मोबाइल पुढे करीत सांगितले. आणि त्या वीतभर काचेवर, खुर्चीत बसून संथपणे बोलणाऱ्या आजोबांच्या चित्रात, तो खरोखरच ओळखू येत नव्हता.

मोठ्या पडद्यावर मात्र खरा हिशेब उलगडला. हिमरूच्या शालीवरील वेलबुट्टी, जिच्यात सुताच्या ताण्यातून रेशमाचा बाणा कोठे वर येतो आणि कोठे लपतो हे पूर्वी नजरेने टिपता येत असे, ती आता एका गुळगुळीत डागात विरघळली होती. धोटा इकडून तिकडे जाताना त्याच्या कडा दातेरी होत होत्या. पाणचक्कीचे पाणी चौकोनांनी फुटले होते. आणि रात्री वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेल्या काही फायली तर उघडतच नव्हत्या.

याचे कारण कोडेकच्या स्वभावातच आहे. तो मधूनमधून एखादी चौकट पूर्ण लिहितो, आणि इतर चौकटींत, चित्राचे लहान लहान ठोकळे पाडून, जेवढे बदलले असेल तेवढेच नोंदवितो. तेथेही डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे तो गाळून टाकतो. त्यामुळे स्थिर भिंतीपुढे बसलेल्या वक्त्याचे थोडक्या बिटांत भागते, तर कोसळत्या पाण्यात क्षणोक्षणी सर्वच नवे असल्यामुळे तेथे तुटवडा पडतो. शिवाय आधीच आवळलेली चित्रफीत पुन्हा आवळू पाहणे म्हणजे चरकात उसाऐवजी चिपाड घालणे होय. पहिल्या वेळी उमटलेले ठोकळ्यांचे काठ आणि कडांभोवतीचे तरंग हेसुद्धा नव्या कोडेकला चित्राचाच भाग वाटतात, आणि आपले तुटपुंजे बिट तो त्या दोषांचे इमानेइतबारे जतन करण्यात खर्ची घालतो.

तेव्हा पहिला विचार हा करावा की काटकसरीला मुळात वाव आहे काय. मीडियाइन्फो या आज्ञावलीत फाइल उघडली की कोडेक, बिटरेट आणि चौकटींचा वेग ही सर्व माहिती समोर येते. डीव्ही टेपवरून उतरवलेल्या, सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट खाणाऱ्या जुन्या फायली असोत, किंवा डीव्हीडीवरील एमपेग-२ असो, तेथे नव्या कोडेकने खरी बचत होते. परंतु व्हॉट्सअॅपवरून आलेली, किंवा पूर्ण एचडी असूनही चार-पाच मेगाबिटांत बसवलेली फाइल असेल तर तिच्या वाटेस जाऊ नये. २०१३ साली मान्य झालेला एच.२६५ हा कोडेक एच.२६४ च्या जवळजवळ निम्म्या बिटांत तोच दर्जा देतो असे म्हणतात, आणि चांगल्या मूळ प्रतीपुरते ते पुष्कळ अंशी खरेही आहे. पण दोषयुक्त नकलेतून निर्दोष नक्कल काढण्याची विद्या त्याला अवगत नाही.

वाव आहे असे ठरल्यास बिटरेटचा ठोक आकडा न लादता स्थिर दर्जाची पद्धत, म्हणजे सीआरएफ, पत्करावी. म्हणजे संथ प्रसंगाला थोडे आणि धावत्या प्रसंगाला अधिक बिट आपोआप मिळतात. एच.२६४ साठी आकडा १८ ते २० च्या दरम्यान ठेवून आरंभ करावा. आकडा सहाने वाढला की फाइल स्थूलमानाने निम्मी होते, हे ध्यानात असावे. ग्राफिक्स कार्डाकडून काम झटपट उरकते, पण तितक्याच आकारात दर्जा सहसा उणा राहतो, म्हणून घाई नसेल तर संथ प्रीसेट बरा. ध्वनी जसाच्या तसा उचलावा. त्यात बचत नगण्य, आणि म्हाताऱ्या माणसाच्या क्षीण आवाजाची हानी मात्र मोठी. जुन्या कॅमेऱ्यांचे चित्रण बहुधा इंटरलेस्ड, म्हणजे सेकंदाला ५० अर्ध्या चौकटींचे, असते; त्याची ओळख न ठेवता रूपांतर केल्यानेच धोट्याला दाते फुटले. असे चित्रण डीइंटरलेस करून ५० पूर्ण चौकटींत आणावे, किंवा तूर्त हातच लावू नये.

चाचणीसाठी सोपा तुकडा निवडणे ही आत्मवंचना होय. संग्रहातील सर्वांत अवघड मिनिट काढावे: आमच्याकडे पाणचक्कीचे पाणी, मकबऱ्याची जाळी, हिमरूची वीण, आणि अंधारात जेमतेम उजळलेली एखादी भिंत, जिच्यावरील छायेचे सूक्ष्म उतार पट्ट्यापट्ट्यांनी तुटतात. अशा छायेच्या जागी दहा बिटांचे रूपांतर उपकारक ठरते. हे मिनिट मोठ्या पडद्यावर, मूळ प्रतीशेजारी ठेवून, अगदी चौकट थांबवूनही पाहावे, आणि तेथे समाधान झाले तरच उरलेल्या फायलींना मंजुरी द्यावी.

शेवटी रुजवात, जिच्यात हयगय झाली तर आधीची सर्व दक्षता व्यर्थ ठरते. नवी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढावी. दोहोंचा कालावधी जुळतो का हे पाहावे. अखेरच्या मिनिटात ओठ आणि शब्द एकत्र चालतात का याची खातरजमा करावी, कारण मोबाइलच्या चित्रणात चौकटींचा वेग बदलता असल्याने ध्वनी हळूहळू मागेपुढे सरकतो. एमपी४ फाइलची सूची सामान्यतः सर्वांत शेवटी लिहिली जाते, म्हणून काम चालू असता वीज गेली तर ती फाइल उघडत नाही. इन्व्हर्टरचा भरवसा नसेल तर एमकेव्ही हे वेष्टन अधिक सोशिक आहे. चित्रणाची तारीख रूपांतरात पुष्कळदा हरवते, तेव्हा ती फाइलच्या नावातच घालावी. पुढे कधी पुन्हा लहान प्रत लागली तर ती नकलेवरून नव्हे, मूळ प्रतीवरूनच काढावी; आणि हे सर्व पार पडून नव्या प्रतीची दुसरी नक्कल अन्य ठिकाणी ठेवल्यावर, आणखी काही महिन्यांची मुदत देऊनच, मूळ प्रतीचा निकाल लावावा.

तोही सर्वांचा नव्हे. १९४८ चा साक्षीदार किंवा जुन्या मागावरचा कारागीर पुन्हा कॅमेऱ्यापुढे येण्याचा संभव उरलेला नाही. त्यांच्यासाठी मंडळाने वर्गणी काढून नवी डिस्क घ्यावी. जागा करायचीच असेल तर घरोघरी तीन-तीन तास चालणाऱ्या लग्नाच्या पंगती आहेत. तेथे बिटरेट खुशाल निम्म्यावर आणावा, जिलबीची तक्रार कोणी करणार नाही.